काळी चारचा गंधार

जो फरक बहुतेकांच्या कानांना जाणवतही नाही, त्याच्यासाठी मनुष्याने आपली उपजीविका पणाला लावावी काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. व्यवहार म्हणतो, लावू नये. पोट भरलेले असेल तरच कान शाबूत राहतात. धर्म म्हणतो, सत्य लहान असले म्हणून ते थोडे कमी सत्य ठरत नाही. आणि या दोघांच्या मध्ये तिसरा एक विचार मान खाली घालून उभा असतो, त्याला विसरून चालत नाही: माझे सत्य उभे करताना त्याच्या पायाखाली दुसऱ्याचे काही मोडले तर? हे तिन्ही पक्ष मी वाशीच्या एका शाळेत, शिक्षकांच्या खोलीतील लांब टेबलाभोवती, एका दुपारी समोरासमोर बसलेले पाहिले आहेत. त्यांचा निवाडा त्या दुपारी झाला असे मी म्हणणार नाही. परंतु त्या टेबलावर एका बाईने जे नाकारले, ते माझ्या स्मरणात आजही तसेच स्वच्छ आहे.

साल १९८३. मी त्या शाळेत संस्कृत शिकवीत होतो. वाशी तेव्हा नवी होती. सेक्टरांतील इमारतींचा रंग वाळण्याआधीच भिंतींना ओल धरे. वारा तुर्भ्याकडून आला तर कारखान्यांचा आंबूस वास आणी आणि बाजाराकडून आला तर कांद्याचा. शाळेचे मैदान म्हणजे थोड्या वर्षांपूर्वीची भातशेती. खाडीकाठच्या गावातील शेवंताबाई शाळा समितीत पालकांच्या प्रतिनिधी होत्या. त्या सभेला आल्या की खिडकीतून मैदानाच्या कोपऱ्याकडे, आपल्या जुन्या खळ्याच्या जागेकडे, बोट दाखवीत आणि दर खेपेस तेच सांगत, "इथंच आमचा खला व्हता, गुरुजी. या खुर्च्या आमच्या खल्यान बसल्यान." कोणी हसे, कोणी हसत नसे. त्या मात्र ते हसण्यासाठी सांगत नसत.

शाळेत संगीताचे दोन शिक्षक होते. ज्येष्ठ ते दिनानाथ मांजरेकर. ते पेटी उत्तम वाजवीत, आणि दरवर्षीच्या स्नेहसंमेलनाचे स्वागतगीत स्वतः रचून स्वतः चाल लावीत. त्या गीताची त्यांना वर्षभर काळजी असे. दुसऱ्या, नव्याने आलेल्या, सुचित्रा आचरेकर. मूळच्या सावंतवाडीकडच्या. वडील भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करीत, त्यामुळे पेटीचे पोट उघडून आतली पितळेची पाती ओळखणे त्यांना लहानपणापासून अवगत होते. पुढे मुंबईत एका वृद्ध गवयांपुढे त्या अनेक वर्षे तंबोरा घेऊन बसल्या. शाळेत त्या अजून कायम झालेल्या नव्हत्या. तो निर्णय त्याच वसंतात व्हायचा होता. आणि तो व्हावा याला मोठे कारण होते: त्यांचे यजमान दिलीप तुर्भ्याच्या ज्या कारखान्यात कामाला होते त्याला टाळे लागले होते, आणि ते बाजारात मिळेल ते काम करीत होते.

आता थोडे स्वरांविषयी बोलले पाहिजे, कारण सारे त्यातूनच निघाले.

आपल्या प्राचीन आचार्यांनी सप्तकात बावीस श्रुती मानल्या. जी ऐकू येते ती श्रुती, एवढीच तिची व्याख्या. मोजपट्टीने मोजली जाते ती श्रुती, असे कोणी म्हटले नाही. त्यांनी दोन वीणांचा एक प्रयोग सांगितला आहे. दोन्ही वीणा एकसारख्या जुळवाव्यात. एक तशीच ध्रुव ठेवावी, दुसरीचा पंचम केसाएवढा उतरवावा, आणि दोघींमध्ये जे अंतर कानास जाणवेल त्याला प्रमाणश्रुती म्हणावे. मी गायक नाही. परंतु वाईच्या पाठशाळेत वेदपठण करताना स्वर किंचित वर गेला तरी आमचे गुरुजी मांडीवर चापट मारून सारी ऋचा पुन्हा म्हणावयास लावीत. त्या चापटीने माझा कान घडला. म्हणून या लहान अंतरांविषयी माझ्या मनात आदर आहे.

पेटी ही परदेशातून आली. तिच्यावर कोणत्याही पट्टीत वाजवता यावे म्हणून सप्तकाचे बारा अगदी समान भाग केलेले असतात. ही सोय मोठी आहे. परंतु तिची किंमत प्रत्येक स्वराने थोडी थोडी चुकवलेली असते. फार चुकवतो तो गंधार. पेटीचा गंधार तंबोऱ्यातल्या गंधाराहून प्रमाणश्रुतीहूनही लहान अशा अंतराने चढा असतो. बस, एवढेच. याहून अधिक काही नाही.

शेवंताबाईंची मुलगी जयमाला सुचित्राबाईंकडे गाणे शिकत होती. तिची पट्टी काळी चार. तंबोऱ्यावर ती गंधार असा लावी की ऐकणाऱ्याचे बोलणे थांबे. परंतु पेटी साथीला आली की मुलगी गोंधळे. पेटी तिला वर ओढी, तंबोरा खाली बोलावी. एके दिवशी ती वर्गातच रडकुंडीला आली. "बाई, दोन माणसं दोन हातांना धरून ओढतात असा वाटतो," ती म्हणाली.

संगीताच्या खोलीत दोन पेट्या होत्या. नवी पेटी मांजरेकर वापरीत. जुनी कपाटाशेजारी पडून असे, तिला दुसरे कोणी हात लावीत नसे. सुचित्राबाईंनी ती जुनी पेटी उघडली, काळी चारचा गंधार ज्या पात्यातून निघतो ते मधल्या सप्तकातील पाते बाहेर काढले, मुळाशी कानशीने अगदी हलके खरवडले, तंबोऱ्याशी लावून पाहिले, पुन्हा खरवडले. पाते मुळाशी खरवडले की सूर उतरतो. तो उतरला आणि तंबोऱ्यात विरघळला. त्या दिवशी जयमाला पेटीबरोबर गायली. कोणाला सांगावे, विचारावे, असे बाईंना सुचले नाही. जुनी पेटी आपल्याच वर्गाची, असे त्या धरून चालल्या. चूक ती तिथे झाली.

स्नेहसंमेलनाच्या दुपारी नव्या पेटीचा भाता फाटला. शिपाई जुनी पेटी उचलून रंगमंचावर घेऊन आला. प्रमुख पाहुणे येऊन बसले होते. मांजरेकरांनी स्वागतगीतासाठी षड्ज धरला. ते गीत ते पांढरी एकमध्ये बसवीत, आणि काळी चारचा जो गंधार, तीच पेटीवर पांढरी एक. म्हणजे सुचित्राबाईंनी जो गंधार दुरुस्त केला होता, तोच मांजरेकरांचा षड्ज होता.

त्यांनी खर्जाचा आणि मधला असे दोन्ही षड्ज एकदम दाबले, आणि ते दोघे जुळेनात. हलणाऱ्या दातासारखे ते एकमेकांशी थरथरू लागले. मुले गाऊ लागली, परंतु मांजरेकरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी गीत कसेबसे शेवटास नेले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पडदा पडताच मांजरेकरांनी तिथेच पेटीचे झाकण उघडले आणि पात्याच्या मुळाशी नव्या पितळेची चकाकणारी खूण पाहिली.

"हे कोणी केलं?"

"मी केलं, सर," सुचित्राबाई पुढे येऊन म्हणाल्या. त्यांनी एक क्षणही विचार केला नाही.

आठवड्याभरात समितीने चौकशी नेमली आणि तिच्यात माझे नाव घातले. कार्यवाह नंदकिशोर टिपणीस यांनी तोडगाही आधीच तयार ठेवला होता. ते स्वभावाने वाईट गृहस्थ नव्हते; त्यांना प्रकरण मिटलेले आवडे. बाईंनी क्षमापत्रावर सही करावी, पात्याचा खर्च द्यावा, म्हणजे त्या कायम होतील. क्षमापत्र टंकलिखित होते. त्यातील वाक्य असे: "शाळेच्या मालकीची, सुरात असलेली पेटी मी खरवडून बेसूर केली, याबद्दल मी दिलगीर आहे."

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी दिलीप माझ्याकडे आले.

"गुरुजी, तुमीच सांगा हिला. एक सही. एक सही मारली की टेन्शन खल्लास. मी सांगतो तर म्हणते, तुमाला कान नाहीत."

मी त्यांच्याबरोबर त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्यांचे घर, कोपऱ्यात गवसणीत तंबोरा आणि बाईंच्या वडिलांची छोटी जुनी पेटी. सुचित्राबाईंनी मला पाणी दिले, आणि मी काही बोलण्यापूर्वीच म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही समजावायला आला असाल तर आधी ऐका. मग समजवा."

त्यांनी तंबोरा मांडीवर घेतला आणि यजमानांकडे वळल्या. "यात किती तारा आहेत?"

"चार. मोजता येतं मला."

"पंचम, षड्ज, षड्ज आणि हा खर्ज. गंधाराची तार आहे का एक तरी?"

"तू म्हणतेस तर नसेल."

"डोळे मिटा. खर्ज सोडला की मागून काय वर येतं ते ऐका."

त्या तारा छेडू लागल्या. दिलीप डोळे मिटून बसले, मग एक डोळा उघडून माझ्याकडे पाहून म्हणाले, "पंखा फिरतोय असं ऐकू येतंय, गुरुजी."

बाई हसल्या. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तारेखाली सुताचा जो बारीक दोरा असतो तो त्यांनी नखाने किंचित पुढे सरकवला. तंबोऱ्याचा आवाज एकाएकी उघडला, जणू झाकण निघाले. पुन्हा छेडले. दिलीपांची मान हळूहळू वाकली.

"हे... शेजारच्या खोलीत कोणी बाई बारीक आवाजात गाते असं वाटतंय."

"तो गंधार. कोणी वाजवला नाही. खर्जाच्या पोटातून आपला आपण आला. म्हणून त्याला स्वयंभू म्हणतात. आता थांबा." त्यांनी डाव्या हाताने वडिलांच्या पेटीवर तोच स्वर दाबला. खोलीत काही घासल्यासारखे झाले. दिलीप डोळे उघडून बघू लागले.

"एका खुर्चीवर दोन माणसं बसल्यासारखं वाटतंय."

"त्यातली एक खुर्चीची मालकीण आहे. दुसरीला सरकायला सांगितलं, एवढाच माझा गुन्हा."

"पण अगं, एवढ्याशानं काय होतं? लिहून दे ना, सुरात होती."

सुचित्राबाईंनी तंबोरा खाली ठेवला. "तुमच्या कंपनीनं काय मागितलं होतं? 'आम्ही बेशिस्त वागलो' एवढं एक वाक्य लिहा आणि आत या. ज्यांनी लिहिलं ते आत गेले. तुम्ही लिहिलंत?"

"ते वेगळं होतं."

"काय वेगळं?"

"तिथं मी चुकलो नव्हतो."

"मी जिथं चुकले ते लिहून देते. न विचारता हात लावला, ते लिहून देते. जिथं चुकले नाही ते कोणत्या तोंडानं लिहू? उद्या जयमाला विचारेल, बाई, खरा गंधार कोणता? तिला काय सांगू, सहीच्या आधीचा की नंतरचा?"

दिलीपांनी माझ्याकडे पाहिले. मी समजावण्यास आलो होतो. माझ्याजवळ समजावण्यासारखे काही उरले नव्हते. निघताना ते जिन्यापर्यंत आले आणि म्हणाले, "चला, घरात दोघंपण आता गेटच्या बाहेर." मग स्वतःच हसले. त्या हसण्यात भय होते, परंतु लाज नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही टेबलाभोवती बसलो. टिपणीस मध्यभागी, शेजारी समितीचे आणखी दोघे सभासद, एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला शेवंताबाई, डोक्यावरचा पदर कानामागे नीट खोचून. तक्रारदार म्हणून मांजरेकर. टेबलावर ती जुनी पेटी ठेवलेली होती, एखाद्या आरोपीसारखी.

सुचित्राबाईंनी क्षमापत्र वाचले. "विनापरवानगी खरवडली, असं लिहा, मी खाली सही करते. मांजरेकर सरांचा षड्ज माझ्यामुळे भर सभेत मोडला, तेही लिहा." त्या मांजरेकरांकडे वळल्या आणि हात जोडले. "सर, त्याबद्दल मी तुमची क्षमा मागते. कागदावर नाही, इथंच, सर्वांसमोर." मग पुन्हा टिपणिसांकडे पाहून म्हणाल्या, "'सुरात असलेली' एवढं काढा. 'बेसूर केली' हे काढा."

"अहो बाई," टिपणीस म्हणाले, "शब्दांत काय अडकलंय? इतक्याशा फरकाला विचारतो कोण? मला विचाराल तर त्या दिवशी मला काही कळलंसुद्धा नाही. पाहुण्यांनाही नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"मग माझा अपराध कोणता?"

टिपणिसांनी क्षमापत्र स्वतःकडे ओढून पुन्हा वाचले.

"फरक ऐकू येत नसेल तर पेटी बिघडली कशी? आणि तो ऐकू येत असेल, तर आधी पेटी सुरात नव्हती हे माझं म्हणणं 'इतकंसं' म्हणून तुम्ही उडवता कसं? फरक एकच आहे, साहेब. मला शिक्षा देताना तो मोठा, आणि माझं ऐकताना तो लहान, असं चालणार नाही. एक काय ते ठरवा."

आमच्या शास्त्रात याला दोन्हीकडे फास असलेली दोरी म्हणतात. कोणत्याही टोकाने ओढली तरी ओढणाऱ्याचीच मान सापडते. मी ते टिपणिसांना सांगितले. त्यांना आवडले नाही.

"शास्त्रीबुवा, हा तर्क पाठशाळेत ठीक. शाळा शिस्तीवर चालते."

तेव्हा मांजरेकर बोलले. त्यांचा आवाज दुखावलेला होता, परंतु खोटा नव्हता. "फरक आहे. मला ऐकू आला, म्हणून तर मी तक्रार केली. तंबोऱ्याचा गंधार मलाही ठाऊक आहे, बाई. तुमच्याइतकाच. पण पेटी एकट्याची नसते. तुमचा गंधार तो माझा षड्ज, माझा पंचम तो आणखी कोणाचा निषाद. सर्वांना तिच्यावर वाजवता यावं म्हणून प्रत्येक सुरानं थोडं थोडं सोसायचं असतं. यालाच मिळूनमिसळून राहणं म्हणतात."

हा पक्ष दुबळा नव्हता, आणि खोलीत तो सर्वांना पटल्याचे मला दिसले. सुचित्राबाईंनी तो पूर्ण ऐकून घेतला.

"पेटीला सोसू दे, सर. तिला पाती आहेत, ती सोसतील. गळ्यानं का सोसायचं? मी पेटी मोडा असं म्हणत नाही. नवं पातं आणून तुमचा षड्ज मी माझ्या हातानं बसवून देते. फक्त जे सोसलेलं आहे त्यालाच खरं म्हणा, असं लेकरांना शिकवायला मला सांगू नका."

"म्हणजे सही करणार नाही?" टिपणिसांनी लेखणी पुढे सरकवली. "पुन्हा विचार करा. घरची परिस्थिती मला माहीत आहे. कागद काय, फाईलीत पडून राहील. कोण वाचतंय?"

इतका वेळ शेवंताबाई गप्प होत्या. त्यांनी हात लांब करून ती लेखणी उचलली आणि आपल्यापाशी ठेवून घेतली.

"असाच बोल्ले व्हते," त्या म्हणाल्या. "माज्या सासऱ्याला. सायेब गाडीतून आला, बोलला, कागदान काय हाय, बाबा, आंगठा ठेव, मंग बघू. मामंजीना वाचता येत नव्हता. ठेवला आंगठा. शेत गेला, खला गेला, मिठागर गेला. मंग कोनी बघला नाय. कोन वाचतो, म्हनता? कागूद लई वर्सांनी वाचतात, टिपणीस. आनि वाचनारा तुमीच नसता." मग त्या सुचित्राबाईंकडे वळल्या. "बाय, तुज्या त्या सुरातला माना काय कलत नाय. खरा सांगते. माना दोनी सारकेच लागतात. पन मनाविरुद्द आंगठा देव नको. आंगठा एकदा उठला का परत येत नाय."

टिपणिसांनी शांतपणे दुसरी लेखणी काढली.

ठराव मांडला गेला: सुचित्रा आचरेकर यांना सेवेत कायम करू नये. टिपणिसांनी आणि दोघा सभासदांनी सही केली. शेवंताबाईंनी हात मागे घेतले. कागद माझ्यापुढे आला. मी तो वाचला, घडी नीट केली आणि परत दिला.

"शास्त्रीबुवा, तुमच्या सहीवाचून काही अडणार नाही."

"अडणार नाही हे मी जाणतो," मी म्हणालो. "अडत असते तर कदाचित मीही विचार केला असता. अडत नाही, म्हणून तर ती न करण्याला काही मोल आहे."

ठराव संमत झाला. सुचित्राबाई उठल्या, संगीताच्या खोलीत गेल्या आणि आपला तंबोरा गवसणीत घालून खांद्यावर घेऊन मैदानातून निघाल्या. वर्ग सुटलेले नव्हते. तरीही आठवीच्या वर्गातून जयमाला न विचारता बाहेर आली आणि बाईंच्या मागोमाग चालू लागली. तिला हाक मारण्यास शिक्षक दारापर्यंत आले. दारात शेवंताबाई उभ्या होत्या. ते परत फिरले.

नोकरी गेली ती गेली. चमत्कार काही घडला नाही. त्या घरात काही महिने आमटी पातळ झाली. दिलीप पहाटेच बाजारात जात आणि अंगाला कांद्याचा वास घेऊन परत येत. परंतु पुढच्याच आठवड्यात शेवंताबाईंनी आपल्या घराची ओटी सारवून घेतली, चटया अंथरल्या, आणि गावात सांगून टाकले की बाई इथे शिकवणार. त्यांच्या दिरांना, गोटीरामांना, ते मानवले नाही.

"पोरींना गाना शिकवून काय मिलनार, वयनी?"

"तुला बेंजोपार्टीपुढं नाचून काय मिलला? दुखरी कमर नि तिचा पट्टा! गप बस."

गोटीराम गप्प बसले. पुढे तेच दारात बसून ऐकताना मी पाहिले आहेत. मात्र विचारले तर ते सांगत, वारा इथे बरा येतो.

मीही संध्याकाळी तिथे जाऊन बसू लागलो. मुली सुरुवातीस पाचसहा होत्या, मग वाढल्या. पेटी नव्हती. तंबोरा, आणि खाडीकडून येणारी हवा. एके संध्याकाळी पायरीशी मांजरेकर उभे दिसले. ते आत येईनात. सुचित्राबाईंनी गाणे थांबवले आणि उठून चटई पुढे केली.

"बसायला नाही आलो," ते म्हणाले, आणि खिशातून कागदाची लहान पुडी काढली. "नवं पातं बसवून घेतलं. हे तुमचं काढलेलं. शाळेत कचऱ्यात टाकणार होते."

सुचित्राबाईंनी पुडी उघडली. मुळाशी अजूनही ते पितळ चकाकत होते.

"उत्तम खरवडलं आहे," मांजरेकर म्हणाले. "एवढा सरळ हात मी पेटीवाल्यांचाही पाहिला नाही. पण माझं मत तेच आहे, बाई. पेटी सर्वांची असते."

"माझंही तेच आहे, सर. गळा ज्याचा त्याचा असतो."

"मग आपलं जुळत नाही."

"नाही जुळत. बसा तरी."

ते थोडे घुटमळले. मग चपला काढून माझ्या शेजारी येऊन बसले. सुचित्राबाईंनी पाते देव्हाऱ्यात ठेवले नाही की जपून कपाटात टाकले नाही, जयमालाच्या हातात दिले आणि म्हणाल्या, "घासून बघ बोटानं. एवढंसंच निघालं होतं. आता गंधार लाव." जयमालाने पाते मुठीत धरले, डोळे मिटले आणि स्वर लावला. तिने तो कोणाला विचारला नाही. तंबोऱ्यातून तो आधीच वर येऊन उभा होता. ती केवळ त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिली. मांजरेकरांची मान हलली. मतभेद होता तिथेच होता, आणि मान हलली.

आता मी फार वृद्ध झालो आहे, आणि वृद्धांजवळ द्यावयास आशीर्वादावाचून फारसे काही नसते. म्हणून तो देतो. ज्या बाईने लहान सत्यासाठी मोठे घर धोक्यात घातले, तिचा तंबोरा सदा जुळलेला असो. जो तिच्यासोबत फाटकाबाहेर उभा राहिला, त्याच्या ताटात भात कधी कमी न पडो. ज्या मातेने फरक न कळताही लेखणी उचलून बाजूला ठेवली, तिच्या खळ्याची आठवण तिच्या नातवंडांच्या तोंडी राहो. दिनानाथांचा षड्ज अढळ असो. टिपणिसांची निजही शांत असो. त्यांनाही कधी एखाद्या निवांत संध्याकाळी, कोणी न वाजवता, तो शेजारच्या खोलीतला बारीक स्वर ऐकू येवो.

शुभं भवतु.